नाद लागलेल्याची सोबत

नागपुरातल्या सदरच्या रेसिडेन्सी रोडवरून छावणी ओलांडून पुढे गेलं की एक चौक लागतो. नकाशात त्याचं नाव काहीही असो, ऑटोवाल्याला 'पागलखाना चौक' असंच सांगावं लागतं. प्रादेशिक मनोरुग्णालय त्याच भागात आहे, १८६४ पासून. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर ही राज्य सरकारची जुनी चार मनोरुग्णालयं. त्यातलं विदर्भाच्या वाट्याचं हे. झोप उडालेली, दारूने पोखरलेली, संशयाने पछाडलेली माणसं इथल्या बाह्यरुग्ण विभागात येतात, कागद काढतात, रांगेत बसतात. सदरमधल्या कुठल्याही घरातून इथे यायला ऑटोला पंधरा मिनिटं पुरतात. या लेखाचा विषय असलेली तक्रार मात्र तेवढंच अंतर कापायला कित्येक वर्षं घेते.

तक्रार साधी आहे. रात्री मोबाईलवर 'तसले' व्हिडिओ पाहण्याचा नाद लागलाय आणि तो सुटत नाहीय. सांगणाऱ्याला ती सांगता येत नाही आणि ऐकणाऱ्याला ऐकवत नाही. दारूड्याच्या घरी निदान शेजारी येऊन चार शब्द बोलतात, नातेवाईक व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता आणून देतात. इथे घरातल्या घरातही कुणी 'काय झालं' असं विचारत नाही. म्हणून नाद लागलेल्यापेक्षा त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्यासाठी हा लेख लिहितो आहे. भाऊ, बायको, मित्र, बाप, आई, ज्याला एके दिवशी हे कळतं आणि पुढे काय करायचं ते कळत नाही, त्याच्यासाठी.

हे सगळं मोबाईलनेच आणलं असं समजायचं कारण नाही. रवी जाधव यांचा 'बालक-पालक' ४ जानेवारी २०१३ ला प्रदर्शित झाला, तेव्हा थिएटरात हसणाऱ्या चाळिशीतल्या प्रेक्षकांना 'बीपी' म्हणजे ब्लू पिक्चर हे समजावून सांगावं लागलं नाही. भाड्याने आणलेला व्हीसीआर, कुणाचे तरी आईवडील गावाला गेलेलं घर, पाच-सहा पोरं आणि दाराला कडी. त्या काळी हे पाहायला जागा लागायची, पैसे लागायचे आणि सोबतीला माणसं लागायची. वर्षातून एखाद-दोनदा जमायचं. पुढे सायबर कॅफेतल्या प्लायवूडच्या खोपट्यांनी माणसं काढून टाकली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, डेटा मातीमोल झाला आणि पैसेही निघून गेले. उरली फक्त चादर. अल कूपर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्येच इंटरनेटच्या या ओढीची तीन कारणं मांडली होती: सहज मिळतं, स्वस्त मिळतं आणि आपण कोण ते कुणाला कळत नाही. सदरच्या गल्लीत ही तिन्ही कारणं पोचायला अठरा वर्षं लागली. पोचली तेव्हा एकदम पोचली.

आता पाहणारा प्रत्येक जण व्यसनी का? अजिबात नाही. मदतीला निघालेल्या माणसाने सर्वांत आधी हे समजून घ्यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणाला मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झालं. त्यात 'अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार' नोंदवलेला आहे. तो दारू-जुगाराच्या व्यसनांच्या रांगेत बसवलेला नाही. आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांमध्ये आहे. हे व्यसन म्हणावं की नाही यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ च्या आपल्या यादीत असा विकार घ्यायचं नाकारलं. बर्लिनमध्ये आणि केंब्रिजमध्ये २०१४ साली मेंदूच्या तपासण्या झाल्या, फरक दिसले. पण पाहण्यामुळे मेंदू तसा झाला की तशा मेंदूची माणसं जास्त पाहतात, हे त्यातून सांगता येत नाही. 'पॉर्नने मेंदू सडतो' असं छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ म्हणूनच दूर ठेवलेले बरे.

त्या वर्गीकरणातली लक्षणं मात्र घरच्या माणसालाही ओळखता येतात. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ चाललेला प्रकार. आयुष्याचा केंद्रबिंदूच तो होऊन बसणं, त्यापायी जेवण, झोप, अभ्यास, नोकरी, नाती मागे पडणं. थांबवायचा प्रयत्न पुन्हापुन्हा फसणं. नुकसान दिसत असूनही सुरू राहणं आणि, हे फार महत्त्वाचं, पाहण्यातून सुख जवळजवळ मिळेनासं होऊनही पाहत राहणं. रात्री अडीचला पंधरावी क्लिप उघडणारा माणूस मजेत नसतो. त्याला झोपायचं असतं.

त्याच वर्गीकरणात एक ओळ आणखी आहे, आणि माझ्या मते आपल्या समाजासाठी ती सर्वांत मोलाची आहे. निव्वळ 'हे पाप आहे' या भावनेतून होणारा त्रास हा विकार ठरवायला पुरेसा नाही. जोशुआ ग्रब्ज यांच्या संशोधनाने हीच गोष्ट दाखवली: धार्मिक वळणाच्या माणसांना प्रत्यक्षात कितीही कमी पाहिलं तरी आपण व्यसनी आहोत असं जास्त वाटतं. महिन्यातून दोनदा पाहणारा आणि त्यावरून स्वतःला कीडा समजणारा मुलगा, आणि रोज चार तास पाहून नोकरी घालवलेला माणूस, दोघेही येऊन 'मला व्यसन लागलंय' हेच वाक्य बोलतात. पहिल्याला धीर हवा, माहिती हवी. दुसऱ्याला उपचार हवेत. दोघांना एकच काठी उगारली तर पहिला आजारी पडतो आणि दुसरा आणखी आत लपतो.

आपल्याकडे ही भीती जुनी आहे. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' या नावाने तिची वैद्यकीय नोंद केली: वीर्य गेलं म्हणजे ताकद गेली या समजुतीतून येणारा थकवा, धडधड, उदासी. या भीतीवर एक अख्खा बाजार जगतो. रेल्वे रुळांकडेच्या भिंती पाहा, 'गुप्तरोग', 'खोई हुई ताकत', खाली मोबाईल नंबर. लैंगिक शक्ती वाढवणाऱ्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंतींना ते ठाऊक नाही. ज्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं असतं तो आधी इथे जातो, पुड्या आणतो, हजारो रुपये घालवतो, आणि भीती होती त्याहून मोठी घेऊन परततो.

आणि तरीही मराठीला हा विषय नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. वाचक त्यांना पत्रं लिहीत, आज डॉक्टरसमोरही बोलायची छाती होत नाही असे प्रश्न विचारीत, आणि कर्वे शांतपणे, उपदेश न करता, उत्तरं छापत. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावाला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक जर लैंगिक प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर देणं हा गुन्हा कसा, असा त्यांचा रोख होता. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. गणिताचा एक प्राध्यापक नोकरी सोडून, घरचा पैसा घालून पाव शतकाहून अधिक काळ हेच सांगत राहिला की या विषयावरचं अज्ञान माणसांना आजारी पाडतं. त्यानंतरच्या महाराष्ट्रात, २००७ मध्ये, शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम गदारोळ करून थांबवला गेला. जी पिढी तेव्हा सातवी-आठवीत होती ती आज तिशीत आहे. त्यांना शरीराविषयी कुणी काही सांगितलं नाही; मग ज्याने सांगितलं त्याच्याकडून ते शिकले. विदर्भातच गडचिरोलीला 'सर्च' संस्थेच्या डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान'ची शिबिरं घेऊन मुलामुलींशी मोकळेपणाने बोलायची वाट घालून दिली. ती वाट नागपूरच्या प्रत्येक कॉलेजातून जायला हवी होती.

आता सदरमधलं एक घर डोळ्यांसमोर आणू. हे घर उदाहरणापुरतं रचलेलं आहे, कुणा खऱ्या कुटुंबाचं नाही. मंगळवारी बाजाराच्या बाजूला खाली दोन खोल्या, वर एक. बाबा निवृत्त. थोरला भाऊ आणि वहिनी खाली, धाकटा वरच्या खोलीत; वय सव्वीस, पदवी झाली, स्पर्धा परीक्षेचे दोन प्रयत्न गेले. रात्री दादा पाणी प्यायला उठतो, वर उजेड दिसतो, जिना चढतो.

"काय करून राहिला बे एवढ्या रात्री? दाखव मोबाईल. लाज नाही वाटत? आईले उठवू काय?"

पुढचं आपण सगळे ओळखतो. मोबाईल जप्त. आठ दिवस घरात ताटांचा आवाज तेवढा. मग अभ्यासासाठी लागतो म्हणून मोबाईल परत, किंवा मित्राकडून जुना एखादा. वरच्या खोलीला आता आतून कडी. दादाला वाटतं, चांगला दम भरला, सुधारला. झालं एवढंच की जे एकट्याने चाललं होतं ते आणखी एकट्याने सुरू झालं.

हेच दुसऱ्या रीतीने घडू शकतं. दादा रात्री काही बोलत नाही. पाणी पिऊन झोपतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी "चाल, चक्कर मारून येऊ" म्हणून गाडी काढतो आणि दोघं फुटाळ्याच्या कठड्यावर बसतात. शेजारी शेजारी, समोरासमोर नाही. अवघड बोलणं नजरेला नजर न देता सोपं जातं.

"काल रात्री मी वर आलो होतो. ओरडायला नाही आणलं तुले इथं. एवढंच विचारतो, तुले स्वतःले त्रास होऊन राहिला का त्याचा?"

बराच वेळ काही नाही. मग: "सोडतो म्हणतो दादा, होतच नाही."

"कधीपासून?"

"कॉलेजपासून. लॉकडाऊनमध्ये फारच वाढलं."

"अन् जास्त कधी होते?"

"रिझल्ट लागला का. नाहीतर दिवसभर कोणी बोललंच नाही तर."

"बरं. मी कोणाले सांगत नाही."

"वहिनीले?"

"तू म्हणेपर्यंत तिलेही नाही."

या दहा ओळींत दादाने काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. त्याने निवाडा दिला नाही. 'तुला त्रास होतो का' हे विचारून सोडण्याचं कारण धाकट्याच्याच तोंडून काढलं. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ पासून दारूच्या रुग्णांसाठी मांडलेली पद्धत नेमकी हीच: बदलाची बाजू समुपदेशकाने मांडायची नाही, रुग्णाला मांडू द्यायची, आपण दाबलं की तो उलट ढकलतो. दुसरं, त्याने वेळ आणि कारण विचारलं, आणि त्याला उत्तरात सगळ्यात उपयोगाची गोष्ट मिळाली. नाद व्हिडिओचा आहे खरा, पण तो नापास झाल्याच्या दिवशी आणि कुणी न बोललेल्या दिवशी उसळतो. तिसरं, त्याने गुपित राखायचा शब्द दिला. या शब्दाला दोनच अपवाद असावेत आणि तेही सांगून टाकावेत: जीव द्यायचे विचार, आणि लहान मुलांशी संबंधित काहीही. बाकी शब्द पाळायचा म्हणजे पाळायचा. भावकीत एकदा कुजबुज गेली की तो मुलगा परत कधी बोलणार नाही.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, आणि तेच कामाला येतं. मोबाईल रात्री खालच्या खोलीत चार्जिंगला. एकट्याचा नाही, घरातल्या सगळ्यांचे, दादाचा आणि वहिनीचाही, म्हणजे ती शिक्षा वाटत नाही. उठायला दीडशे-दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ. राउटर अकराला बंद. अभ्यासाचं टेबल वरून खाली. ब्लॉकर टाकायचा तर मुलाच्या संमतीने, आणि पासवर्ड त्यानेच निवडलेल्या माणसाकडे. ब्लॉकर म्हणजे रस्त्यावरचा गतिरोधक आहे. गाडी थांबवत नाही, पण विचार करायला दहा सेकंद देतो, आणि पुष्कळदा दहा सेकंद पुरतात. सरकारनेही मोठ्या प्रमाणावर हा प्रयोग करून पाहिलाच: ऑगस्ट २०१५ मध्ये ८५७ संकेतस्थळं बंद केली आणि काही दिवसांत बहुतेकांवरची बंदी उठवली, उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये ८२७ पुन्हा बंद केली. नाव बदलून तीच पानं उघडली. कुलपावर सगळी भिस्त ठेवणाऱ्या बापांनी हे लक्षात ठेवावं.

एका वहीत चार रकाने: वार, वेळ, जागा, त्याआधी मनात काय होतं. दोन-तीन आठवड्यांत वहीच बोलायला लागते. बहुतेकांच्या वहीत भूक, राग, एकटेपण आणि थकवा या चौघांपैकी कुणीतरी सापडतंच. मग उपाय त्या चौघांवर करायचा. रात्री दहाला नीट जेवण. संध्याकाळी सिव्हिल लाइन्सच्या झाडीतल्या रस्त्यांवर तासभर चालणं किंवा मैदानावर खेळ. आणि उमाळा आला तर त्याच्याशी झुंजायचं नाही, पळायचंही नाही. खोलीतून उठून खाली यायचं, पाणी प्यायचं, पंधरा-वीस मिनिटं तो चढतो आणि ओसरतो हे पाहायचं. अॅलन मार्लट यांनी व्यसनांच्या उपचारात हे तंत्र रूढ केलं. पहिल्यांदा जमतं तेव्हा माणसाला केवढं नवल वाटतं! आजवर त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की तो उमाळा आपोआप जातो.

घसरण होणार. याची तयारी मदत करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून ठेवावी. मार्लट यांनीच दाखवून दिलं की एका घसरणीपेक्षा तिच्या पाठोपाठ येणारा 'गेलं, सगळं संपलं, मी नालायकच' हा विचार जास्त घात करतो. एक रात्र मग पंधरवडा होते. म्हणून दिवस मोजत बसायचा नाद नको. चाळीस दिवस झाले आणि एकेचाळिसाव्या दिवशी पाहिलं तर चाळीस दिवस वाया गेले नाहीत. दादाने विचारायचं ते एवढंच: "काय झालतं त्या दिवशी?" वही उघडायची, रकाना भरायचा, पुढे चालायचं. देवासमोरच्या शपथांचं म्हणूनच मला भय वाटतं. श्रद्धेने माणसाला बळ मिळतं, भजनी मंडळातली, चर्चमधल्या तरुणांच्या गटातली चार माणसं भेटतात, ते उत्तमच. पण आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की त्या मुलाच्या लेखी तो आईलाही मारून आलेला असतो. ते ओझं घेऊन तो कुठे जातो? परत त्याच खोलीत.

घरातल्या प्रयत्नांना दोन-तीन महिन्यांत यश दिसलं नाही, किंवा उदासी, चिंता, दारू, अस्वस्थता सोबत असेल, तर तज्ज्ञाकडे जावं. सदरवाल्यांना पर्याय कमी नाहीत: मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग, मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतले मनोविकार विभाग, मिहानमधलं एम्स. तिथे काय होतं याची भीती असते, म्हणून सांगतो. डॉक्टर आधी बाकीचं तपासतात, कारण पुष्कळदा खालचा आजार नैराश्याचा किंवा एकाग्रतेच्या विकाराचा असतो आणि व्हिडिओ हे त्यावरचं घरगुती औषध असतं. मूळ आजाराची औषधं सुरू झाली की नाद पुष्कळदा सैल होतो. खास या विकारासाठी म्हणून ठरलेली गोळी नाही. काही रुग्णांना काही औषधांचा उपयोग होतो, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. मुख्य उपचार बोलण्याचा. अमेरिकेत क्रॉस्बी आणि टूहिग यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८ पुरुषांना बारा सत्रांचा उपचार दिला. त्यात इच्छा मारायला शिकवलं नाही, ती मनात असूनही आपल्याला जे जगायचं आहे तिकडे पाऊल टाकायला शिकवलं. पाहणं खूपच कमी झालं. अभ्यास लहान आहे, पण दिशा पटण्यासारखी आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट' हे स्वतंत्र क्लिनिक चालतं. आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं ही डॉक्टरांची मेहेरबानी नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला तो हक्क आहे.

बायकोबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तिच्यावर दुहेरी अन्याय होतो. तिला कळतं तेव्हा पहिला वार तिच्या मनावर: मी पुरेशी नाही का? सासरच्यांना कळलं तर तेही तेच विचारतात, आडून. याचं उत्तर ठाम 'नाही' आहे. हा नाद बहुतेकांना लग्नाच्या कितीतरी आधी, शाळा-कॉलेजात लागलेला असतो. तिच्या दिसण्याशी, वागण्याशी त्याचा संबंध नाही. नवऱ्याचा मोबाईल रोज तपासणं हे तिचं काम नाही, आणि त्याची परिचारिका होणंही नाही. तिला राग येणं रास्त आहे, तिला स्वतःसाठी समुपदेशक हवा, आणि मदत करायची की नाही, किती करायची, हे तिनेच ठरवायचं. पडद्यावरचं बिछान्यात करायला भाग पाडलं जात असेल तर तो आजार म्हणून पदरात घ्यायचा विषयच नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळही येतो. पुण्याच्या मुक्तांगणने, जे २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात सुरू केलं, व्यसनींच्या बायकांसाठी 'सहचरी' गट उभा केला. व्यसन एकाचं असलं तरी आजारी सगळं घर पडतं, हे त्यांनी दारूच्या बाबतीत महाराष्ट्राला शिकवलं. या नादाच्या बाबतीत असे गट नागपुरात हवेत, बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. आणि हो, हा नाद बायकांनाही लागतो. त्यांची लाज दुप्पट, त्यामुळे गप्प राहणंही दुप्पट.

याच ओघात एका सल्ल्याबद्दल बोललंच पाहिजे, कारण तो आपल्याकडे घरोघरी दिला जातो: "लग्न लावून द्या, आपोआप सुटेल." सुटत नाही. काही महिने दबतो आणि मग एका अजाण मुलीच्या संसारात उगवतो. तिला काहीही न सांगता तिला औषध म्हणून आणणं ही क्रूरता आहे. मुलाचे आईवडील असाल तर आधी उपचार, मग स्थळं. हा क्रम बदलू नये.

मुलं चौदा-पंधराची असतील तर बोलणं आणखी हळू आवाजात करावं. त्यांनी ते पाहिलं असण्याची शक्यता आहे, बहुतेक वेळा मित्राने दाखवलं म्हणून. घाबरू नये, मारू नये. "ते नाटक असतं, पैसे घेऊन केलेलं, खऱ्या माणसांचं प्रेम तसं नसतं, तुला काही विचारायचं असेल तर मला विचार" एवढं बापाने मुलाला एकदा म्हटलं तरी दार उघडं राहतं. जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतात, तिथे समुपदेशक मिळतात.

कायद्याची रेघही माहीत हवी. प्रौढांचे व्हिडिओ खासगीत पाहणं हा आपल्याकडे गुन्हा नाही; ते पसरवणं, पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे. लहान मुलांचं मात्र काहीही शोधणं, पाहणं, साठवणं गुन्हाच. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात हे निःसंदिग्ध केलं आणि त्याला 'चाइल्ड पॉर्नोग्राफी' न म्हणता मुलांच्या शोषणाची सामग्री म्हणा, असंही सांगितलं. असं काही घरात आढळलं तर 'पुरावा' म्हणून कुणालाही पाठवू नका, तेही गुन्ह्यात मोडतं. वकील आणि मनोविकारतज्ज्ञ दोघांना त्याच दिवशी गाठा. दुसरा धोका खंडणीचा. अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल येतो, रेकॉर्डिंग होतं, मग पैशांची मागणी. शरमेने पैसे भरत जाणारी, आणि शेवटी जीव देणारी माणसं आहेत. एक रुपया न देता १९३० वर तक्रार करावी. घरच्याला हे कळलं तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. 'कशाला गेला होता तिकडे' हा प्रश्न नंतर कधीतरी विचारता येईल.

इतकं सगळं करूनही काही जण सोडणार नाहीत. काहींना सोडायचंच नसेल. भावाच्या, बायकोच्या, आईच्या हातात सगळं नसतं, आणि नाही जमलं म्हणून त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. पण माझं मत विचाराल तर आपल्याकडचे बहुतेक जण त्या टोकाला पोचतात ते नाद फार मोठा असतो म्हणून नाही. सव्विसाव्या वर्षी जे फुटाळ्याच्या कठड्यावर बोलता आलं असतं ते चाळिसाव्या वर्षी कोर्टाच्या पायरीवर बोलावं लागतं, कारण मधल्या चौदा वर्षांत एकाही माणसाने, 'तुला त्रास होतो का' हे विचारलं नाही.

दिवाळीत भाऊ-बहिणी, मित्र, पुण्या-मुंबईहून आलेली मुलं घरी असतील. कुणाच्या डोळ्यांखाली काळं दिसलं, कुणी रात्रभर जागतोय असं जाणवलं, तर त्याला बाजूला घेऊन विचारा. विचारल्यावर काय बोलावं ते सुचलं नाही तर दोघांनी मिळून १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक फिरवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ही सेवा सुरू आहे, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही.